दाताराची दाद

त्याचे आडनाव दातार नव्हते. पण ज्याचा सारा दिवस इतरांचे दात घडवण्यात जातो, त्याला लोकांनी दुसरे काय म्हणायचे? दंतवैद्य रोग्याच्या तोंडाचा ठसा घेऊन त्याच्याकडे पाठवीत. त्या ठशात प्लास्टर ओतून हा गृहस्थ हुबेहूब जबडा उभा करी, त्यावर मेणाचा दात कोरी, मग मेणाची जागा धातूला किंवा चिनी मातीला देई आणि तयार झालेला दात कापसात गुंडाळून डबीतून परत पाठवी. त्याचे काम शेकडो लोकांच्या तोंडात होते. त्याचे तोंड मात्र त्यांच्यापैकी एकानेही पाहिले नव्हते. याचे त्याला यत्किंचितही वाईट वाटत नसे. "माझी कला लोकांच्या तोंडी आहे," असे तो म्हणे, आणि हा विनोद ऐकून ऐकून त्याच्या बायकोचे कान किटले होते.

कामाची खोली घराच्या मागच्या बाजूस होती. खिडकीखाली लांब टेबल, कोपऱ्यात मडक्याएवढी भट्टी, तिच्या शेजारी घासण्या-चकाकवण्याचे फिरते चाक, आणि उरलेल्या तिन्ही भिंतींवर जमिनीपासून छतापर्यंत गाण्यांच्या तबकड्या. ध्वनिवर्धकांना त्याने जुन्या उशांचे अभ्रे चढवले होते, कारण प्लास्टरची धूळ संगीतात शिरली तर चालेल पण यंत्रात शिरता कामा नये, असा त्याचा दंडक होता. कोणत्या कामाला कोणते संगीत, हेही त्याने वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठरवून टाकले होते. मेण कोरताना विलंबित ख्याल किंवा तंतुवाद्यांचे संथ काही तरी, कारण त्या वेळी हाताला घाई सोसत नाही. चिनी मातीचे थर चढवताना जाझ, कारण खऱ्या दाताचा रंग एक नसतो, तो एकावर एक चढलेल्या पाचसहा रंगांचा बनाव असतो, आणि पियानो, बास व ड्रम हे तिघे नेमके तेच करीत असतात. फिरत्या चाकावर दात घासताना रॉक. चाकाची किंकाळी आणि विजेच्या गिटारीची किंकाळी यांची पट्टी जवळजवळ एकच असल्यामुळे कोण ओरडते आहे हे कळत नसे आणि दोन्ही गोड लागत. प्लास्टर सुकेपर्यंतच्या रिकाम्या वेळेत मग सारे जग: वाळवंटातल्या भटक्यांची गाणी, बंदरातल्या नाचघरांतला अकॉर्डियन, दगडी मठातल्या संन्याशांचे समूहगान, ढोलांचे असे ताल की ज्यांत सम कुठे आहे हे त्या वाजवणाऱ्यांनाच ठाऊक.

"पण तुम्हाला नेमकं कोणतं संगीत आवडतं?" असे कोणी विचारले की त्याचा पारा चढे.

"तुमचा आवडता दात कोणता?" तो उलट विचारी. "बत्तीसही लागतात ना?"

इतक्या सर्वभक्षी माणसात एकच खोड होती. त्याला गप्प बसून ऐकता येत नसे. लहानपणी तो गाणे ऐकायला शिकला तो मामाच्या मांडीला मांडी लावून, आणि मामाची शिकवण अशी की, गाणाऱ्याने जीव काढून द्यायचा आणि ऐकणाऱ्याने नुसते घ्यायचे, याला चोरी म्हणतात. तेव्हापासून जागा आली की दातारच्या तोंडून 'वा' जाई. आपण जातो असे म्हणतो, पण तो जात नसे, निसटे. उचकी निसटते तसा. जाझच्या तळघरात हा 'वा' खपून जाई. रॉकच्या मैदानात तो त्याचा त्यालाही ऐकू येत नसे. पंचाईत होई ती मोठ्या वाद्यवृंदाच्या सभागृहात, जिथे लोक खोकलासुद्धा दोन भागांमधल्या विरामात उरकून घेतात. एकदा तिथे त्याच्या 'वा'सरशी पुढच्या तीन ओळींतल्या माना एकाच वेळी मागे वळल्या होत्या, आणि मध्यंतरात त्याने त्यातल्या एका मानेशी वादही घातला होता. दाद या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत, असे त्याचे म्हणणे: दाद देतात आणि दाद मागतात. कलावंत वाजवून दाद मागत असतो. ती न देणे हा निव्वळ अन्याय आहे. आणि मढ्यासारखे बसून राहणे हा जर सभ्यपणा असेल, तर स्मशानाइतकी सभ्य जागा दुसरी नाही.

हा वाद त्याने जिंकला होता. असे वाद तो नेहमी जिंके.

त्याच्या या सिद्धान्ताची किंमत मात्र त्याच्या लेकीने मोजली होती. ती चेलो वाजवी. बसल्या माणसाच्या उंचीचे, गुडघ्यांत धरून वाजवायचे ते वाद्य तिने बापाच्या भिंतीवरच्या एका तबकडीत ऐकले आणि हट्ट धरून शिकली. शिक्षण संपतानाच्या परीक्षेत ती एकटी वाजवीत होती. सूर इतका बारीक झाला होता की तो आहे की नाही अशी शंका यावी. आणि नेमक्या त्या क्षणी मागच्या ओळीतून भरघोस 'वा' आला. गज थरथरला. परीक्षकांनी डोळे वर केले. ती उत्तीर्ण झाली, पण त्यानंतर बरेच दिवस बाप-लेकीत अबोला होता, आणि अबोला ही गोष्ट दातारला कोणत्याही शिक्षेपेक्षा जड जाई.

आता प्रसंग त्याहून मोठा होता. लेक आणि तिचे तीन सोबती, म्हणजे दोन व्हायोलिने, एक व्हायोला आणि हिचा चेलो, असे चौघे मिळून वाजवीत. दातार त्यांना चांडाळचौकडी म्हणे. या चौकडीला दूरच्या एका संगीतशाळेत वर्षभर राहून शिकण्याची संधी दिसत होती. जागा एकच, अर्ज अनेक. शाळेची अट अशी की, श्रोत्यांसमोर वाजवलेल्या एका संपूर्ण रचनेचे ध्वनिमुद्रण पाठवावे. एखादा भाग पुन्हा वाजवला तर चालेल, पण कोणत्याही भागाच्या आत कापाकापी केलेली चालणार नाही. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरचे छोटे सभागृह रविवारी दुपारी मिळाले होते. श्रोते म्हणून नातलग, शेजारी आणि स्नेही यांना बोलावणे होते.

"बाबा, या," लेक जेवताना म्हणाली. "पण एक शब्द नको."

तो शब्द नसून उद्गार आहे, व्याकरणात या दोहोंत भेद केलेला आहे, असे दातारने निदर्शनास आणून दिले.

"उद्गारही नको."

मग त्याने मामापासून सुरुवात केली. लेकीने शांतपणे सगळे ऐकून घेतले, पाणी प्याली आणि म्हणाली, "बाबा, वाद तुम्ही जिंकाल. जागा आम्ही हरू."

त्याची बायको इतका वेळ खाली मान घालून जेवत होती. तिने रविवारची सुट्टी घेतली असल्याचे जाहीर केले. "मी शेजारी बसते. तोंड उघडायला लागले की चिमटा काढीन."

ती येणार याचेच दोघांना नवल वाटले. ती रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घेण्याचे काम करी. कोणाचा बाप जिन्यावरून पडलेला, कोणाचे मूल निळे पडलेले. अशांचे आवाज पाळीभर कानात ओतून घेऊन ती घरी येई, आणि मग तिच्या कानांना रजा हवी असे. मागच्या खोलीचे दार ती आल्या आल्या बाहेरून ओढून घेई. आपण साऱ्या जगाचे संगीत ऐकले, पण घरातल्या माणसाला कशाचीच गोडी लावू शकलो नाही, ही दातारच्या मनातली जुनी सल होती. बायको लेकीचे वाजवणे ऐके ते दारापलीकडून, भाजी निवडता निवडता, आणि विचारले तर "छान" म्हणे. दातारच्या मते 'छान' ही दाद नव्हे. ती पोच आहे.

बायकोच्या चिमट्यावर त्याचा भरवसा नव्हता. स्वतःवर तर मुळीच नव्हता. त्याने मागच्या खोलीत सराव करून पाहिला. चार वाद्यांची एक संथ तबकडी लावली, ओठ घट्ट मिटले, मुठी आवळल्या. आणि जागा आली तसा 'वा' निसटला. पुन्हा लावली, पुन्हा निसटला. तिसऱ्या खेपेस त्याने हातातले मेण तोंडात धरले, तेव्हा 'वा'बरोबर मेणही बाहेर आले. मग मात्र त्याने शांत डोक्याने विचार केला. उचकीला उपदेश करून ती थांबत नाही. दाराला उपदेश करीत नाहीत, कडी लावतात. आणि कडी बनवण्याची विद्या तर आपल्या हातची आहे.

झोपेत दात खाणाऱ्या लोकांसाठी तो दातांवर बसणारी पारदर्शक टोपणे बनवीत असे. त्याने स्वतःच्या दोन्ही जबड्यांचे ठसे घेतले, प्लास्टर ओतले आणि वरचे व खालचे टोपण एकमेकांना जोडून एकच वस्तू घडवली. ती तोंडात बसली की जबडा उघडणे अशक्य. 'वा' म्हणायला तोंड उघडावे लागते, हे ध्वनिशास्त्र. मिटल्या तोंडाने फार तर 'हूं' निघेल, आणि तो पहिल्या ओळीच्या पलीकडे जाणार नाही. युक्ती निर्दोष होती. दोष घडला तो कारागिरीत, आणि तोही दुसऱ्या कोणाच्या हातून घडला नसता. दातांच्या बुडाशी बारीक खाचा असतात. टोपण घडवण्यापूर्वी प्लास्टरवरच्या त्या खाचा मेणाने बुजवून घ्याव्या लागतात, नाहीतर टोपण त्यांत जाऊन रुतते. हे मेणाचे काम; त्याला संथ संगीत हवे. पण त्या दिवशी दातारने सॅक्सोफोनची एक धावती तबकडी लावली होती. वादक अशा काही गल्ल्यांतून पळत होता की हा त्याच्या मागे पळण्यात खाचा बुजवायचे विसरला. तरी एकदा लावून पाहिले तेव्हा टोपण जरासे कुरकुरत का होईना, निघाले. त्याने ते चकचकीत करून खिशात टाकले आणि ही गोष्ट घरात कोणाला सांगितली नाही.

रविवारी सभागृह भरले. खिडक्यांतून उतरते ऊन आडवे येत होते. मागे टेबलाशी ध्वनिमुद्रण करणारा माणूस कानांवर हेडफोनची झाकणे चढवून बसला होता. पहिले व्हायोलिन वाजवणारी उंच, शिडशिडीत बाई येऊन उभी राहिली. तिला लेक पाठीमागे मोजपट्टी म्हणे, कारण कोणी केसभर आधी शिरला की तिच्या भुवईत लगेच कळे. तिने श्रोत्यांना शांततेची विनंती केली आणि विनंती करताना दातारकडे पाहिले. दातारने रुमाल तोंडाशी नेला, खोकल्यासारखे केले, आणि कडी लागली.

रचना चार भागांची होती. पहिले दोन भाग तो मोठ्या समाधानाने ऐकत होता. दोनदा 'वा' घशापर्यंत आला आणि बंद दार पाहून परत गेला. तिसरा भाग संथ. त्यात एके ठिकाणी चारही वाद्ये अकस्मात थांबतात, काही काळ काहीच नसते, आणि मग चेलो एकटा तळातून वर येतो. ती जागा आली. लेकीने मान वर केली; तिची नजर ओळींवरून फिरत बापावर आली, तिथे ठरली, आणि मग ती वाजवू लागली. एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही. दातारच्या जबड्यात कळ आली, डोळ्यांत पाणी आले. पण चेहऱ्यावर त्यातले काहीच उतरू शकले नाही, कारण चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग त्याने स्वतःच कुलूपबंद केला होता.

चौथा भाग संपला. टाळ्या झाल्या. दातारने रुमालाआड बोटे घालून टोपण ओढले. ते हलेना. तासभर दात आवळल्याने आणि तोंडाच्या उबेने ते खाचांत असे रुतले होते की खरे दात आधी निघाले असते. इतक्यात लेक चेलो ठेवून सरळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"आवडलं नाही ना?"

दातारने जोराने मान हलवली. ही मान होकाराची की नकाराची, हे तिला कळेना.

"बाबा, त्या जागेला मी तुमच्याकडे पाहिलं. प्लास्टरच्या पुतळ्यासारखे बसला होतात. ओरडू नका म्हटलं होतं, मरून जा नव्हतं म्हटलं."

"हूं," दातार म्हणाला. "हूं हूं."

आता बायकोने त्याच्याकडे नीट पाहिले. तिचा आवाज एकदम बदलला. घरातला आवाज जाऊन कामावरचा आला. तिने सांगितले की बोलू नका, नाकाने श्वास घ्या आणि मानेने उत्तर द्या. दुखते आहे का? नाही. गिळता येते का? येते. मग जिवावरचे काही नाही, बसा खाली. तिने त्याचा ओठ वर केला आणि आतली चकचकीत वस्तू पाहिली. दातारने खिशातून पेन काढून तळहातावर जबड्याचे चित्र काढले आणि डाव्या शेवटच्या दाढेपाशी फुली मारली; ज्याने कुलूप केले त्यालाच ते कुठून उचकटते हे ठाऊक. बायकोने केसांतला आकडा काढला, रुमालाने पुसला, फुलीच्या जागी सरकवला आणि तिरका दाबला. कट्‌कन आवाज झाला. वरचे-खालचे टोपण एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेत तिच्या हातात आले, आणि नेमकी त्याच वेळी मोजपट्टी तिथे येऊन पोहोचली.

"हे काय आहे?" तिने विचारले.

"माझं वचन," दातार म्हणाला.

लेक आधी ओठ चावून उभी राहिली, मग तिला हसू आवरेना, आणि हसता हसता ती त्याच्या शेजारच्या खुर्चीतच बसली. हसू ओसरल्यावर तिने पुन्हा विचारले, खरे सांगा, कसे झाले? दातारने जबडा दोन्ही बाजूंना हलवून पाहिला. खोटी दाद त्याने आयुष्यात दिली नव्हती.

"चूक एक नाही. पण संथ भागाला कडक इस्त्री केलेली आहे. अंगावर घालवत नाही."

मोजपट्टीची भुवई चढली. पण ती रागाची नव्हती. तिलाही तसेच वाटले होते, असे ती म्हणाली. ती जागा चौघेही जपून, फुटक्या कपासारखी धरून गेले होते. सभागृह संध्याकाळपर्यंत आपले आहे, लोक थांबायला तयार आहेत, तर तिसरा भाग पुन्हा वाजवावा. जाता जाता तिने टोपणाकडे बोट दाखवले. ते पुन्हा घालणार का?

"नाही," लेकच म्हणाली. "बाबा, या वेळी स्वतःच्या जोरावर बसा."

लोक पुन्हा स्थिरावले. ऊन आता समोरच्या भिंतीवर वर सरकले होते. चौघांनी सुरुवात केली, आणि पहिल्या काही सुरांतच दातारला कळले की कपडा तोच असला तरी इस्त्री गेली आहे. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पुढे ती जागा येणार, ती येते आहे, आली. आणि चारही वाद्ये थांबली. त्याला असे वाटले की सभागृहातल्या एकूण एक माणसाने आपापला 'वा' गिळून हातात धरला आहे, आणि या शांततेत आपल्या एकट्याचा भर टाकायची काहीच गरज नाही. नवल असे की त्याच्या घशाशी काही आलेच नाही. लेकीने गज उचलला, छाती भरून श्वास घेतला, तो शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेला, आणि थांबली.

"बोल," कोणीतरी म्हणाले.

हलकेच म्हणाले, पण त्या निःशब्द जागेत ते दिव्यासारखे लख्ख उमटले. आणि चेलो बोलला. तळातून असा वर आला की दातारच्या अंगावर काटा उभा राहिला. तो भाग कसा संपला हे पुढे त्याला नीट आठवेना. आठवे ते एवढेच, की शेवटचा सूर विरला, टाळ्या सुरू झाल्या, आणि टाळ्या वाजवता वाजवता सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. खोडी कोणाची हे ज्याला त्याला ठाऊक होते. त्याने शेजारी पाहिले. बायकोने तळहात तोंडावर दाबून धरला होता आणि तिचे कान लाल झाले होते. दातारने एक हात वर केला, शाळेतले अपराधी पोर करते तसा. बोल एकाचा आणि बोल लागला दुसऱ्याला. पण लागू दिला तो त्याने आपणहून.

मोजपट्टी गज हातात घेऊनच खाली उतरली. "काका, तुम्ही कबूल केलं होतं."

"केलं होतं. राहवलं नाही." बायको काही बोलू गेली तसे त्याने तिचे कोपर दाबले.

लेक मागोमाग आली. तिने बापाकडे पाहिले, आईकडे पाहिले, पुन्हा बापाकडे पाहिले.

"बाबा, तुम्ही जन्मात कधी कुणाला 'बोल' म्हणालात? तुम्ही दुसऱ्याला बोलू देता कधी?"

यावर वाद घालण्यासारखे दातारपाशी पुष्कळ होते, पण त्याने ते राखून ठेवले.

"मला कळलंच नाही गं," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. फोन लागतो, समोरून शब्द येत नाहीत, नुसता श्वास आत घेतल्याचे ऐकू येते आणि माणूस तिथेच अडकतो. अशा वेळी फार प्रश्न विचारायचे नसतात, 'बोल' एवढेच म्हणायचे असते. तिने ते इतक्यांदा म्हटले होते की आता ते तिच्या मनाला न विचारताच बाहेर पडे. "तू श्वास घेतलास आणि थांबलीस. मला वाटलं, हिला काहीतरी सांगायचंय."

लेकीने आईचा पुन्हा तोंडाशी गेलेला हात खाली घेतला आणि तो आपल्या हातात तसाच ठेवला.

मग ध्वनिमुद्रकाच्या टेबलाशी मसलत बसली. पहिल्या खेपेचा भाग स्वच्छ, दुसऱ्या खेपेच्या भागात एक परका शब्द. तो पुसायचा तर नियम मोडतो. मोजपट्टीचे मत पहिल्या खेपेला होते. निवड करणारे लोक आपल्याला ओळखत नाहीत, ते हा शब्द ऐकून काय समजतील? लेकीचे म्हणणे असे की, पहिल्या खेपेत आपण चौघे बरोबर आहोत, दुसऱ्या खेपेत आपण वाजवतो आहोत. उरलेले दोघे ज्याच्या तोंडाकडे पाहत त्याचेच त्यांना पटे. शेवटी मोजपट्टीने कानांवर झाकणे चढवली आणि ती जागा पुन्हा पुन्हा लावून ऐकली. तिचे बोट टेबलावर पडत होते. मग तिने झाकणे काढली आणि दातारच्या बायकोकडे वळून विचारले, "तुम्ही कुठे शिकलात?"

"काय शिकले?"

"हा शब्द जागेवर आहे. केसभर पुढे नाही, मागे नाही. तो नसता तर हिने अजून थोडं ताणलं असतं आणि जागा पडली असती." ती ध्वनिमुद्रकाला म्हणाली, "दुसरी खेप पाठवू."

"आणि माझा 'वा'?" दातारने न राहवून विचारले. "तो इतकी वर्षं जागेवर नसे की काय?"

"तुमचा नेहमी आधी येतो, बाबा," लेक म्हणाली. "तुम्हाला पुढचं माहीत असतं ना."

चौकडीची निवड झाली, हे येथेच सांगून टाकलेले बरे. वाचकाचा जीव विनाकारण टांगणीला लावून ठेवणे हा काही सभ्यपणा नव्हे. परंतु ती बातमी यायला पुष्कळ अवकाश होता. त्या संध्याकाळी नवरा-बायको बसने घरी निघाले तेव्हा काहीच ठरलेले नव्हते, आणि तरी दातारला असे वाटत होते की जे व्हायचे ते होऊन गेले आहे. टोपण त्याच्या खिशात होते. त्याने ते चाचपून पाहिले आणि खाचा बुजवल्या असत्या तर ही वस्तू खरोखर उत्तम झाली असती, असा स्वतःशी निर्वाळा दिला.

बस पुलावर आली तेव्हा बायकोने विचारले, "अहो, ते सगळे मध्येच थांबतात ना, ते तुमच्या त्या दुसऱ्या गाण्यांतही असतं का?"

इतक्या वर्षांत तिने त्याला संगीतावर विचारलेला हा पहिला प्रश्न. दातार सरसावून बसला. त्याने सांगितले की थांबणे सगळीकडे असते, पण सगळीकडचे थांबणे एक नसते. जाझमध्ये सगळे थांबतात तेव्हा ताल कोणीच सोडलेला नसतो, तो प्रत्येकाच्या टाचेत चालू असतो. ख्याल गाणारा थांबतो तो सूर आणखी लांबवर दिसावा म्हणून, डोंगर चढताना माणूस थांबतो तसा. रॉकवाले थांबतात ते मागून जोराने अंगावर येण्यासाठी. ते थांबणे नव्हे, दबा धरणे होय. वाळवंटातले भटके तर थांबतातच कुठे, आणि मठातले संन्यासी थांबले की ते थांबल्याचे दगडांना उशिरा कळते. यांपैकी श्रेष्ठ कोणते असा प्रश्न निघेल, परंतु तो प्रश्नच मुळात चुकीचा आहे, कारण—

त्याच्या खांद्यावर भार आला. बायकोचे डोळे मिटले होते आणि श्वास एका लयीत चालला होता. दातारने आवाज उतरवला. वाक्य मात्र त्याने पुरे केले. वाक्य अर्धे टाकून देणे त्याच्या स्वभावात नव्हते. मग पुढचे सुरू केले, आणि घरचा थांबा येईपर्यंत, कुजबुजत, पुढच्या-मागच्या आसनांवरच्या कोणालाही त्रास होणार नाही अशा बेताने, तो विरामाचे उरलेले प्रकार सांगत राहिला.